याचकाचा पैसा आणि आपला हिशेब

वाचकहो, जुमाच्या नमाजनंतर मशिदीच्या पायऱ्यांवर एक संवाद नेहमी कानी पडतो. एखादा नमाजी दाराशी बसलेल्या फाटक्या कपड्यांतील माणसाला काही देण्यासाठी खिशात हात घालतो, तोच शेजारचा त्याला हळूच अडवतो : याला पैसे देऊ नका, आत्ता जाऊन दारू पिईल. खिशातला हात तसाच राहतो आणि दोघेही आपापल्या घरी जेवायला जातात.

अडवणाऱ्याच्या मनात दुष्टावा नसतो. पाप आणि अतिरेकात कोणाला साहाय्य करू नका, ही पवित्र कुरआनची आज्ञा (सूरह अल्-माइदा, ५:२) त्याला ठाऊक असते. आपल्या कष्टाच्या पैशातून दारूच्या गुत्त्याची भर होऊ नये, ही त्याची इच्छा रास्तच आहे. पण याचकाला झिडकारू नका, ही आज्ञाही त्याच कुरआनात आहे (सूरह अज्-जुहा, ९३:१०). या दोन आज्ञांचा मेळ कसा घालावयाचा? समोरचा माणूस पितो असे आपल्याला वाटले, की त्याच्याविषयीचे आपले कर्तव्य संपते, की त्या कर्तव्याचे केवळ स्वरूप बदलते?

हे लोक कोण?

सोलापूर हे वाटेवरचे शहर आहे. पंढरपूर, अक्कलकोट, तुळजापूर आणि गुलबर्ग्याच्या ख्वाजा बंदेनवाज (रह.) यांच्या दर्ग्याकडे जाणारे असंख्य लोक येथून पुढे जातात. या वर्दळीबरोबर घर सुटलेली माणसेही येतात आणि रेल्वे स्थानकाबाहेर, एस.टी. स्थानकाच्या आडोशाला, बाजारपेठांत, मंदिर-मशिदींच्या दारांत विसावतात. शिवाय हे शहर एकेकाळी गिरण्यांचे होते. लक्ष्मी-विष्णू, नरसिंग गिरजी यांसारख्या गिरण्या बंद पडल्या तेव्हा हजारो कामगारांची रोजी गेली. बहुतेकांनी यंत्रमाग, विडी, हमाली अशा कामांत आसरा शोधला. सर्वांनाच सावरता आले असे नाही.

२०११ च्या जनगणनेत देशभरात सुमारे १७ लाख ७० हजार बेघर नोंदले गेले. राष्ट्रीय नागरी उपजीविका अभियानाचा निकष असा, की शहराच्या दर एक लाख लोकसंख्येमागे किमान १०० जणांना पुरेल असा एक निवारा असावा. त्याच जनगणनेत सोलापूरची लोकसंख्या साडेनऊ लाख होती. म्हणजे या निकषाने आपल्या शहराला नऊ ते दहा निवारे लागतात. दुसरीकडे, १९५९ चा मुंबई भीक प्रतिबंधक कायदा महाराष्ट्रात भीक मागणे हा अपराध ठरवतो. ज्याला झोपायला जागा नाही, त्याने हात पसरला तर तो गुन्हेगारही ठरतो.

श्रमिकांना घरे मिळू शकतात हे याच सोलापूरने दाखवून दिले आहे. कुंभारी येथे विडी कामगार महिलांची १० हजार घरांची वसाहत २००६ मध्ये उभी राहिली, आणि रे नगरातील १५ हजार घरे जानेवारी २०२४ मध्ये श्रमिकांच्या हाती आली. पण या लोकांकडे काम होते, संघटना होती, कागदपत्रे होती. मशिदीच्या पायरीवरील माणसाकडे यांपैकी बहुधा काहीच नसते.

रात्र, खिसा आणि कुलूप

बेघर माणूस मिळालेला पैसा त्याच दिवशी उडवतो, अशी तक्रार आपण करतो. क्षणभर त्याच्या जागी उभे राहून पाहू या. आपला पैसा कपाटात असतो, बँकेत असतो, स्वयंपाकघरातल्या डब्यात असतो. दाराला कुलूप असते. फलाटाबाहेर झोपणाऱ्याची तिजोरी म्हणजे त्याच्या अंगावरचा सदरा. त्यात रात्री ठेवलेले पैसे सकाळी असतीलच याची त्याला शाश्वती नसते. अशा माणसाला उद्यासाठी राखून ठेवण्याचा उपदेश करणे सोपे आहे. पण राखायचे कोठे, हे आपण सांगत नाही. त्याला चूल नाही, म्हणून डाळ-तांदूळ घेऊन स्वस्तात पोट भरण्याची सोय नाही. चहा, वडापाव, गाडीवरचा भात असे प्रत्येक घासाला रोख मोजून तो जगतो. ज्याला आपण उधळपट्टी म्हणतो, तिच्यातील बराच भाग केवळ छप्पर नसण्याचा दंड असतो.

आता दारूविषयी. रस्त्यावरचे सगळे पितात हा समज खरा नाही. जे पितात, त्यांतील अनेकांच्या पिण्याची सुरुवात मौजेपोटी झालेली नसते. थंडी, अंगदुखी, रात्रीची भीती आणि न येणारी झोप यांवरचा तो त्यांचा उपाय असतो, आणि तो खोटा उपाय असतो. मद्याने ऊब आल्यासारखे वाटते, कारण रक्त त्वचेकडे अधिक वाहू लागते. प्रत्यक्षात शरीराची उष्णता बाहेर जाते. हिवाळ्यात उघड्यावर झोपणाऱ्याच्या जिवावर हेच बेतू शकते. आणि ज्याच्याजवळ पैसा थोडा, त्याच्या वाट्याला हातभट्टी येते. जून २०१५ मध्ये मुंबईतील मालवणी येथे विषारी दारूने शंभराहून अधिक गरीब माणसांचे प्राण घेतले. आपल्या जिल्ह्यातही हातभट्टीवर काही तांड्यांचा संसार चालत आला होता. २०२१ मध्ये सोलापूर ग्रामीण पोलिसांनी ‘ऑपरेशन परिवर्तन’ हाती घेतले, तेव्हा केवळ भट्ट्या न फोडता मुळेगाव तांड्यासारख्या वस्त्यांतील लोकांना दुसरा रोजगार मिळवून देण्याचा प्रयत्न झाला. नुसते काढून घेऊन माणूस बदलत नाही, त्याच्या हाती दुसरे काही द्यावे लागते, हे त्यामागील तत्त्व आहे.

हे सांगण्याचा हेतू मद्यपानाला सबब पुरवण्याचा नाही. सूरह अल्-माइदाने (५:९०-९१) मद्याला सैतानाचे घाणेरडे कृत्य ठरवले आहे आणि त्यात गरीब-श्रीमंत असा भेद केलेला नाही. परंतु ज्या अल्लाहने ही मनाई केली, त्याने आपल्या दासांना तिच्यापर्यंत पायरीपायरीने आणले, हेही ध्यानात घ्यावे. प्रथम मद्यात हानी अधिक असल्याचे सांगितले (२:२१९), मग नशेत नमाजजवळ जाण्यास मनाई केली (४:४३), आणि मने तयार झाल्यावर अंतिम आदेश दिला. स्वतः प्रेषितांच्या (स.) सहवासात असलेल्या समाजालाही हा अवधी मिळाला.

शंका आणि खात्री

आपण ज्याला ‘तो पिणारच’ असे म्हणतो, ते बहुतेक वेळा ज्ञान नसते, गुमान असते. सूरह अल्-हुजुरात (४९:१२) फार गुमान करण्यापासून रोखते, कारण काही गुमान स्वतःच पाप असतात. आधुनिक संशोधनही येथे आपल्याला सावध करते. जागतिक बँकेच्या दोन अभ्यासकांनी २०१४ मध्ये निरनिराळ्या देशांतील १९ अभ्यास एकत्र तपासले. गरिबांना रोख साहाय्य दिल्याने दारू-तंबाखूवरील खर्च वाढतो, असे त्यांना आढळले नाही. कॅनडातील व्हँकुव्हर शहरात ५० बेघरांना प्रत्येकी साडेसात हजार डॉलर एकरकमी दिले गेले. २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार त्यांचा व्यसनावरील खर्च वाढला नाही, आणि बेघर अवस्थेतील त्यांचे दिवस कमी झाले. मात्र तीव्र व्यसन असलेल्यांना या प्रयोगातून वगळले होते, हेही प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे. त्यामुळे सर्वांना सरसकट रोख द्यावी असा अर्थ यातून निघत नाही. सर्वांविषयी सरसकट संशय घेऊ नये, इतका निश्चित निघतो.

सहीह बुखारीत एक वृत्तान्त आहे. एका माणसाने रात्री गुपचूप सदका केला आणि तो नकळत एका चोराच्या हाती पडला. दुसऱ्या रात्री तो एका व्यभिचारी स्त्रीला, तिसऱ्या रात्री एका धनवानाला मिळाला. लोक बोलू लागले. तेव्हा त्याला कळवण्यात आले, की तुझ्या दानामुळे कदाचित चोर चोरीपासून आणि ती स्त्री व्यभिचारापासून परावृत्त होईल, आणि धनवान स्वतः खर्च करू लागेल. देणाऱ्याचा हेतू शुद्ध होता. चुकीच्या हाती पडल्याने त्याचे दान वाया गेले नाही.

आणि समजा, शंका नाही, खात्रीच आहे. प्रेषितांच्या (स.) काळात अब्दुल्लाह नावाचा एक माणूस होता. मद्यपानाबद्दल त्याला वारंवार शिक्षा झाली. एकदा कोणी त्याला शिव्याशाप दिला, तेव्हा प्रेषितांनी (स.) त्यास मनाई केली आणि सांगितले, की या माणसाचे अल्लाह व त्याच्या प्रेषितावर प्रेम आहे. हेही बुखारीतच आहे. शिक्षा झाली, पण नाते तुटले नाही. हजरत अबू बक्र (रजि.) यांचेही उदाहरण पाहा. त्यांची लाडकी कन्या हजरत आयशा (रजि.) यांच्यावरील बदनामीत मिस्तह सामील झाले. ते गरीब नातलग अबू बक्रांच्या मदतीवर जगत होते. अबू बक्रांनी मदत थांबवण्याची शपथ घेतली, तेव्हा सूरह अन्-नूरची आयत (२४:२२) अवतरली आणि त्यांनी ती मदत पुन्हा सुरू केली. मिस्तह यांचा अपराध मद्यपानाहून हलका नव्हता, तरी त्यांची भाकर बंद करण्याची मुभा अबू बक्रांसारख्या पित्यालाही मिळाली नाही.

मग काय द्यावे?

सूरह अन्-निसामध्ये (४:५) एक अत्यंत व्यवहारी आदेश आहे. ज्यांना समज नाही त्यांच्या हाती मालमत्ता सोपवू नका. मात्र तिच्यातून त्यांना खाऊ घाला, कपडे द्या आणि त्यांच्याशी चांगले बोला. ही आयत मूळ अजाणांच्या मालमत्तेसंबंधी आहे, तरी तिच्यातील तत्त्व आपल्या प्रश्नाची उकल करते. रोख देणे धोक्याचे असेल तर रोख रोखावी. पण आयत तेथे थांबत नाही. अन्न, वस्त्र आणि गोड शब्द या तीन गोष्टी ती त्याच श्वासात आपल्यावर टाकते. आपण पहिला भाग पाळतो आणि उरलेले तीन विसरतो, ही आपली खरी अडचण आहे. ज्याच्याविषयी खात्री आहे त्याला पैसे देऊ नका. त्याला समोरच्या गाडीवर नेऊन जेवू घाला. नशेतील माणसाला नमाजपासून दूर ठेवले गेले, भाकरीपासून नव्हे.

याहून पुढचे काम मोहल्ल्याने मिळून करावयाचे आहे. अबू दाऊदमधील हदीसनुसार एक अन्सारी मागण्यासाठी आला असता प्रेषितांनी (स.) त्याच्या घरातील चादर आणि प्याला मागवून लिलावात दोन दिरहमला विकले. एका दिरहमचे अन्न घरी पाठवले, दुसऱ्याची कुऱ्हाड आणवून तिला स्वतःच्या हाताने दांडा बसवला आणि त्याला लाकूडतोडीस धाडले. पंधरा दिवसांनी तो दहा दिरहम कमावून आला. येथे उपदेशाआधी अन्न आहे आणि अन्नानंतर हत्यार आहे.

ज्याच्याकडे कुलूप नाही, त्याला आपण अमानत देऊ शकतो. मक्केतील विरोधकही आपल्या ठेवी प्रेषितांकडे (स.) ठेवत, आणि हिजरतच्या वेळी त्या परत करण्यासाठी हजरत अली (रजि.) यांना मागे ठेवण्यात आले होते. मशिदीच्या विश्वस्तांनी एक वही आणि एक पेटी ठेवून, हमाली करणाऱ्या बेघराचे रोजचे पन्नास रुपये सांभाळले, तर तो पैसा चोरापासून आणि गुत्त्यापासूनही दूर राहील. जनधन खाते उघडण्यासाठी त्याच्यासोबत बँकेत जाणे हाही सदकाच आहे.

एक सूचना महत्त्वाची आहे. दीर्घकाळ रोज पिणाऱ्याने दारू एकाएकी बंद केली तर झटके येऊ शकतात, भ्रम होतो, प्राणही जाऊ शकतो. म्हणून त्याला कोंडून ठेवू नये. सिव्हिल रुग्णालयात न्यावे. पुण्याच्या मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्रासारख्या संस्था १९८६ पासून व्यसनाला आजार मानून उपचार करीत आहेत. औषध घेणे तौबाच्या आड येत नाही.

जकातचे नियम मात्र वेगळे आहेत. तिचे हक्कदार सूरह अत्-तौबामध्ये (९:६०) ठरवून दिले आहेत, तेव्हा ती चौकशी करूनच द्यावी. ऐच्छिक सदक्याचे दार सर्वांना उघडे आहे, मग तो कोणत्याही धर्माचा असो. लोकांना मार्गावर आणणे तुमच्या हाती नाही, तुम्ही जे खर्च कराल ते तुमच्याच भल्यासाठी आहे, असा सूरह अल्-बकराचा (२:२७२) आशय आहे.

आपला हिशेब

शेवटी ज्या आयतमध्ये मद्याचा प्रश्न प्रथम आला, तिच्याकडे पुन्हा वळू या. सूरह अल्-बकराच्या त्या एकाच आयतमध्ये (२:२१९) दोन प्रश्न आहेत. लोक मद्य आणि जुगाराविषयी विचारतात, आणि लगेच विचारतात, की आम्ही काय खर्च करावे? उत्तर येते : गरजेपेक्षा जे अधिक असेल ते. या जवळिकीवर आपण फारसा विचार करत नाही. पहिला प्रश्न पिणाऱ्याचा हिशेब मागतो, दुसरा देणाऱ्याचा. पायरीवरच्या माणसाच्या दहा रुपयांची आपण बारकाईने तपासणी करतो. निकाहच्या मंडपावर, वलीम्याच्या उरलेल्या हंड्यांवर, कर्ज काढून केलेल्या थाटावर मात्र कोणी कोणाला पायऱ्यांवर अडवत नाही. उधळ्यांना सैतानाचे भाऊ म्हणणारी आयत (१७:२७) बेघरांसाठीच अवतरली होती, असे आपण वागतो.

वाचकहो, त्याने ते दहा रुपये कशावर घालवले, याचा जाब त्याला द्यावा लागेल. आपल्याला विचारले जाईल ते हे, की आपल्याजवळ गरजेहून अधिक काय होते आणि उपाशी माणूस दाराशी असताना त्याचे आपण काय केले.

अल्लाह आपल्या हातांना उदारता आणि आपल्या नजरेला दया देवो, व्यसनात सापडलेल्या प्रत्येक जिवाला तौबा व आरोग्य लाभो. आमीन.