पांथस्थांना लिहिलेले पत्र

चेन्नईत मैलापूरच्या समुद्रकाठी सांथोमचे चर्च आहे. येशूचा शिष्य थॉमस याची समाधी तेथे असल्याचे परंपरा सांगते. त्याच थॉमसचा सहशिष्य पेत्र, याच्या नावाने बायबलच्या नव्या करारात एक लहानसे पत्र आहे. आजच्या तुर्कस्थानातील पंत, गलतिया, कप्पदुकिया, आसिया व बिथुनिया या प्रांतांत पांगलेल्या श्रद्धावंतांना ते लिहिलेले आहे. लेखक त्यांना परके आणि पांथस्थ म्हणतो. हे पत्र कोणत्या हेतूने लिहिले असावे?

एक पक्ष म्हणतो, खरे घर स्वर्गात आहे, इहलोक ही धर्मशाळा, तेव्हा छळ सोसा, एवढेच त्यात सांगावयाचे आहे. संतवाणीवर पोसलेल्या मराठी मनाला हा अर्थ सहज पटतो. उलटपक्षी, जॉन एलियट या अमेरिकन अभ्यासकाने १९८१ साली असे प्रतिपादन केले की, हे लोक खरोखरीच उपरे, नागरिकत्वाच्या हक्कांना मुकलेले होते.

कचेरीत पत्रे वाचणारास ठाऊक असते की, पत्राचे मर्म पुष्कळदा अखेरच्या परिच्छेदात असते. येथे अखेरीस लेखक म्हणतो की, धीर देण्यासाठी हे थोडक्यात लिहिले आहे. जे मिळाले आहे त्यात स्थिर राहा. शेवटचा नमस्कार ‘बाबेल’हून आहे. बाबेल म्हणजे रोम, असे बहुतेक अभ्यासक मानतात. आणि बाबेल हे तर यहुद्यांच्या हद्दपारीचे गाव! म्हणजे एका परक्याने परक्यांना लिहिलेले हे पत्र आहे. घरी कसे परतावे हे ते सांगत नाही. परगावी कसे राहावे हे सांगते. आपले सोडू नये, पण कोणाचा अनादरही करू नये. आपल्या आशेचे कारण कोणी विचारले तर उत्तर तयार असावे, मात्र ते सौम्यपणे द्यावे.

यावर एक गंभीर आक्षेप आहे. हेच पत्र दासांना कठोर धन्याच्याही आज्ञेत राहावयास सांगते, आणि पुढील काळात गुलामांच्या मालकांनी अशा वचनांचा आधार घेतला. परंतु दुर्बलास तग धरण्यासाठी दिलेला सल्ला ही बलवानाची सनद होऊ शकत नाही.

या संदर्भात दुसरे एक पत्र आठवते. इ. स. ११२ च्या सुमारास बिथुनिया-पंत येथे नेमलेला अधिकारी प्लिनी याने सम्राट ट्राजनकडे विचारणा केली की, ख्रिस्ती म्हणवणे हाच गुन्हा मानावा काय? चौकशीत त्याला अपराध असा काही आढळला नव्हता. तरीही आपला धर्म न सोडणाऱ्या कित्येकांना त्याने आधीच मृत्युदंड दिला होता. प्लिनीही त्या प्रांतात परकाच होता. पण त्याच्या हाती सत्ता होती.

बदलीच्या गावी राहणारे आपण नोकरदार या दोन्ही पत्रांच्या मध्ये उभे आहोत. बाजारात, शेजारात आपण पेत्राचे पांथस्थ असतो. तेथे आपल्या भाषेची लाज नको आणि तमिळ भाषेविषयी तुच्छताही नको. मेजापाशी बसलो की मात्र प्लिनीची खुर्ची आपली होते, आणि समोर अर्ज घेऊन उभा असलेला माणूस स्वतःच्याच गावात परका ठरू शकतो. परकेपणाचे दुःख ज्याला कळते, त्याने निदान तेथे तरी ते दुसऱ्याच्या वाट्यास येऊ देऊ नये.