सोन्याने तपासलेला तराजू

वेगवान न्यूट्रॉनला विद्युतभार नाही. त्यामुळे तो कुठल्याही विद्युतक्षेत्राला दाद देत नाही, धातूच्या पत्र्यातून बहुधा काहीही न घडवता आरपार जातो. अशा कणांची शिरगणती केल्याशिवाय क्रॉस सेक्शन हाती येत नाही. क्रॉस सेक्शन म्हणजे अणुकेंद्रक आणि न्यूट्रॉन यांच्यात एखादी प्रक्रिया घडण्याची शक्यता, क्षेत्रफळाच्या भाषेत मांडलेली. एकक बार्न: एका चौरस सेंटीमीटरला एकावर चोवीस शून्यांनी भागले की जे उरते ते. हे क्षेत्रफळ पट्टीने मोजायचे नव्हे. १३५ वस्तुमानांकाच्या झेनॉनच्या केंद्रकाचा खरा छेद जेमतेम सव्वा बार्न, पण मंद न्यूट्रॉनच्या लेखी तो २६ लाख बार्नच्या आसपास भरतो. न्यूट्रॉन वेगवान झाला की हे चमत्कार ओसरतात, आकडे केंद्रकाच्या आकाराच्या जवळपास येतात आणि खरी कसोटी अचूकतेची उरते.

पुणे विद्यापीठाच्या भौतिकशास्त्र विभागात ज्या जातीचा न्यूट्रॉन जनरेटर वापरला गेला, त्यात ट्रिटियम मुरवलेल्या टायटेनियमवर ड्यूटेरॉनचा झोत आदळतो आणि सुमारे १४ एमईव्ही ऊर्जेचे न्यूट्रॉन चहूकडे सुटतात. समोर नमुन्याची पातळ चकती ठेवायची, काही तासांनी उचलून जर्मेनियम डिटेक्टरपुढे न्यायची आणि तिच्यात तयार झालेल्या किरणोत्सारी केंद्रकांचे गॅमा मोजायचे. चकतीत अणू किती, हे वजनावरून कळते. प्रक्रिया किती घडल्या, हे गॅमांवरून कळते. न्यूट्रॉन किती आले होते, हे मात्र कोण सांगणार? म्हणून नमुन्याला खेटून ॲल्युमिनियमची चकती ठेवतात. तिच्यात सोडियम-२४ तयार होतो. त्याचे अर्धायुष्य १५ तासांचे आणि १३६९ केईव्हीचा त्याचा गॅमा सहज ओळखू येणारा. ॲल्युमिनियमचा क्रॉस सेक्शन ठाऊक असल्याने न्यूट्रॉनांचा हिशेब लागतो.

पण ॲल्युमिनियमचा तरी कोणी मोजला, आणि कशाच्या आधारावर?

ही शंका आपल्याकडे फार जुनी आहे. नागार्जुनाने 'विग्रहव्यावर्तनी'त प्रमाणवाद्यांना, म्हणजे ज्ञानाची खात्रीची साधने (प्रमाणे) मानणाऱ्यांना, तीच विचारली: प्रमाण दुसऱ्या प्रमाणाने सिद्ध होत असेल, तर ते दुसरे कशाने? मागे जावे तितके थोडे. यालाच अनवस्था म्हणतात. न्यायसूत्रांत या प्रश्नाला दिलेला तराजूचा दृष्टांत मला अजूनही अतिशय समर्थ वाटतो. तराजू सोने तोलतो; पण त्याच्याविषयीच शंका आली, तर वजन ठाऊक असलेल्या सोन्याने तराजूही तपासता येतो. एकच वस्तू एका प्रसंगी प्रमाण असते, दुसऱ्या प्रसंगी प्रमेय, म्हणजे स्वतःच मोजली जाणारी. न्यूट्रॉनच्या प्रयोगशाळेत हे अक्षरशः घडते, कारण सोन्याची चकती तिथे खरोखरच असते. सोन्याने न्यूट्रॉन शोषण्याची प्रक्रिया आंतरराष्ट्रीय मानकांपैकी एक आहे, आणि ते मानकसुद्धा इतर मानकांशी ताडून, सगळ्यांचा एकत्र मेळ घालूनच ठरवलेले आहे.

एका जागी ही साखळी जमिनीला टेकल्यासारखी वाटते. ड्यूटेरॉन आणि ट्रिटियम एक झाले की प्रत्येक न्यूट्रॉनबरोबर एक अल्फा कण सुटतो. तो भारित असल्यामुळे सिलिकॉनच्या छोट्या डिटेक्टरने थेट मोजता येतो. जितके अल्फा तितके न्यूट्रॉन. इथे कोणाचाही क्रॉस सेक्शन उसना घ्यावा लागत नाही. मात्र तो डिटेक्टर किती कोनातले अल्फा टिपतो, हे आधी मोजून ठेवावे लागतेच.

एवढी चिकित्सा कशासाठी, याचे उत्तर थोरियमपाशी मिळते. थोरियम-२३२ ने एक न्यूट्रॉन गिळला की पुढे युरेनियम-२३३ मिळतो. कल्पाक्कमची कामिनी अणुभट्टी त्याच इंधनावर चालते. पण न्यूट्रॉनची ऊर्जा सुमारे साडेसहा एमईव्हीच्या वर असली, तर तो थोरियमच्या केंद्रकात शिरल्यावर दोन न्यूट्रॉन बाहेर पडू शकतात. त्या वाटेने थोडा युरेनियम-२३२ साठतो आणि त्याच्या वंशातला थॅलियम-२०८ हा २.६ एमईव्हीचे भेदक गॅमा सोडतो. मग इंधन हाताळायचे ते जाड भिंतीआडून, यांत्रिक हातांनी. ती भिंत किती जाड हवी, याचा हिशेब या क्रॉस सेक्शनपाशी सुरू होतो.

तो मोजणेही सोपे नाही. या प्रक्रियेत थोरियम-२३१ तयार होतो आणि त्याची खूण म्हणजे ८४ केईव्हीचा गॅमा. पण नैसर्गिक थोरियममध्ये मुळातच असलेला थोरियम-२२८ हाही ८४ केईव्हीचाच गॅमा देतो. वर्णपटात दोघांचे शिखर एकच दिसते. ऊर्जेने वेगळे होत नाहीत, म्हणून त्यांना काळाने वेगळे करायचे. चकती दिवसेंदिवस मोजत राहायची. जो भाग दर साडेपंचवीस तासांनी निम्मा होतो, तो आपल्या प्रक्रियेचा. जो ढळत नाही, तो चकतीचा जन्मजात. एका आकड्यासाठी माणसे असा धीर धरतात, याचा मला फार आदर वाटतो.

आणि म्हणूनच शोधनिबंधात नुसता निष्कर्ष देऊन भागत नाही. कोणता मॉनिटर, म्हणजे ॲल्युमिनियमसारखी संदर्भाची चकती, वापरला आणि त्याच्या क्रॉस सेक्शनचे कोणते मूल्य धरले, हे लिहायलाच हवे. व्हिएन्नाच्या आंतरराष्ट्रीय अणुऊर्जा संस्थेच्या समन्वयाने चालणाऱ्या 'एक्सफोर' या संग्रहात मोजमापांसोबत असे तपशीलही नोंदवले जातात. उद्या ॲल्युमिनियमचे मूल्य सुधारले, तर दशकांपूर्वीची चांगली मोजमापे त्या गुणोत्तराने सुधारून पुन्हा वापरता येतात. ज्या निबंधात ही नोंद नाही, त्याच्या बाबतीत असे काही करता येत नाही.