पंचवीस पटींनी लहान

डोळे मिटायची गरज नाही. उघडेच ठेवा, फक्त नजर जरा सैल सोडा. समोर 1957 सालची शेव्हरोले बेल एअर उभी आहे असं धरून चला. शेपटीकडे दोन्ही बाजूंना वर आलेले धारदार पंख, त्यांच्या कुशीवर बारीक रेघांची रुपेरी ॲल्युमिनियमची पट्टी, पुढे भरभक्कम क्रोमचा बंपर. लांबी 200 इंच, म्हणजे पाच मीटरांहून थोडी जास्तच. मनातल्या मनात तिच्याभोवती एक प्रदक्षिणा घाला. डाव्या पंखाच्या टोकाशी थांबा. पेट्रोलचं झाकण तिथल्या क्रोमपट्टीत लपवलंय. नवखा पंपवाला हातात नळी घेऊन गाडीभोवती नुसता फिरत राहावा, अशी सोय. त्या काळच्या अमेरिकी गाड्यांचा हा खट्याळपणा मला फार आवडतो.

आता तीच गाडी पंचवीस पटींनी लहान करा. आठ इंच. वीतभर.

सगळंच लहान झालं का, ते बघा. रंग झालेला नाही. त्याचा थर एक दशांश मिलिमीटर जरी पडला, तरी मापाच्या हिशोबाने खऱ्या गाडीवर अडीच मिलिमीटरांचा लेप बसला. धुळीचा कण होता तेवढाच आहे, बोटाचा ठसाही तेवढाच. तुमचा हात लहान झाला नाही आणि हाताची थरथरही नाही. या विजोडपणाशी थोडा वेळ बसा. पुढचे काही आठवडे त्याच्याशीच संसार करायचाय.

मग जोडायच्या प्रतिकृतीचा डबा जवळ ओढा. रेव्हेल आणि एएमटी या दोन्ही अमेरिकी कंपन्यांनी ही गाडी काढली. तुमच्याकडे कुठलीही असो. झाकण उघडू नका अजून. उघडायचं का नाही, या घोळाकडे आधी नीट बघून घेऊ. डबे गोळा करणाऱ्या प्रत्येकाच्या मनात तो असतो. न उघडलेल्या जुन्या डब्याला बाजारात जास्त भाव. उघडला की उतरला, जोडायला घेतला की संपलाच. शिवाय झाकणावरच्या चित्रातली गाडी निर्दोष असते, आणि आपल्या हातून होणारी तशी नसणार हे आपल्याला पक्कं ठाऊक असतं. म्हणून डबा कपाटात जातो. शेजारी दुसरा येतो. ठेवणीतल्या वस्तूंची रांग वाढते आणि त्या रांगेकडे बघून समाधान वाटतं, की हे सगळं सुरक्षित आहे.

ते समाधान जरा तपासून बघा. एएमटी ही मिशिगनमधल्या ट्रॉयची कंपनी होती. 1948 साली तिने सुरुवात केली ती ॲल्युमिनियमच्या छोट्या फोर्ड गाड्यांनी. पुढे गाड्यांच्या शोरूमसाठी ती प्लास्टिकच्या तयार प्रतिकृती करू लागली. गिऱ्हाइकाला रंग दाखवायला, त्याच्या पोराच्या हातात द्यायला. जोडायचे संच 1958 मध्ये आले: एकाच डब्यातून मूळ गाडी करा, सजवलेली करा किंवा शर्यतीची करा. पण त्याआधीच्या त्या शोरूमच्या गाड्यांपैकी बऱ्याच सेल्युलोज ॲसिटेटच्या होत्या, आणि ॲसिटेट वर्षं सरतील तसं आक्रसतं, वाकतं. कोणी हात लावला नाही, ऊन लागू दिलं नाही, तरी गाडीची पाठ वाकली, टप बसला.

बरं, तुमचा डबा पॉलिस्टायरीनचा आहे, ते असं वाकत नाही. मग आता झाकण काढा. पांढऱ्या प्लास्टिकच्या चौकटी, त्यांना लगडलेले भाग. क्रोमचा मुलामा दिलेली एक वेगळी चौकट. काचांची एक. आणि चार काळे मऊ टायर. टायर बोटात घ्या. हे व्हिनाइल आहे, आणि ते मऊ राहावं म्हणून त्यात एक तेलकट द्रव्य मिसळलेलं असतं. ते द्रव्य तिथे टिकून राहत नाही. सावकाश बाहेर झिरपतं. टायर पुढच्या काचेला टेकून पडला असेल, तर पॉलिस्टायरीनची ती काच हळूहळू विरघळत जाते आणि एक दिवस तिच्यावर टायरची नक्षी उमटलेली दिसते. कधी डबा उघडेपर्यंत टायर टपात रुतून बसलेला असतो. सीलबंद डब्यात, अंधारात, कोणी काही न करता.

इथे थांबा. पुढे वाचायची घाई नाही. आपण ज्याला जपणूक म्हणतो तीत जपणूक किती आणि भीती किती, हे प्रत्येकाने आपल्या कपाटापुरतं बघावं.

चौकटी टेबलावर पसरा. सुट्या भागांतून गाडी उभी करणं मुंबईला नवं नव्हतं, हे जाता जाता सांगायला हवं. जनरल मोटर्सने 1928 साली शिवडीला कारखाना काढला, आणि परदेशातून खोक्यांत आलेल्या सुट्या भागांच्या शेव्हरोले तिथे जोडल्या जात. 1954 मध्ये ते काम बंद झालं, त्यामुळे आपली ही 57 ची गाडी काही शिवडीच्या वाट्याला आली नाही. पण तिचा एक पांढरा रंग कंपनीच्या यादीत ‘इंडिया आयव्हरी’ या नावाने होता. टपाला तोच देऊ.

आता जोडणी. भाग चौकटीपासून निपरने कापा, थोडं देठ राखून. उरलेलं देठ पॉलिश पेपरने घासा, आधी 400 नंबर, मग 600. बोट फिरवून बघा. डोळ्याला गुळगुळीत दिसतं ते बोटाला तसं लागेलच असं नाही, आणि या कामात माझा भरवसा बोटावर. दोन भाग चिकटवायच्या आधी कोरडेच एकमेकांवर बसवा. काढा, पुन्हा बसवा. फट कुठे राहते? कुठला कोपरा अडतो? कोरडं असेतोवर सगळं परत घेता येतं.

कारण प्लास्टिक चिकटवायचं हे द्रव्य गोंदासारखं मध्ये बसत नाही. ते दोन्ही कडा विरघळवतं, मऊ झालेल्या कडा एकमेकींत मिसळतात, आणि द्रव्य उडून गेलं की तिथे एकच प्लास्टिक उरतं. टायरने काचेचं जे केलं, जवळपास तेच तुम्ही आता जाणूनबुजून करताय. खिडकी उघडी ठेवा, वास उग्र असतो. ब्रश सांध्याला नुसता टेकवा; द्रव फटीतून आपोआप धावत जातो. त्याची ओली रेघ पुढे सरकताना बघा. क्रोमच्या भागांना मात्र असं करून चालत नाही. जिथे जोड येणार तिथला मुलामा आधी खरवडावा लागतो, नाहीतर द्रव्य आतल्या प्लास्टिकपर्यंत पोचतच नाही.

इंजिनापाशी सगळ्यात जास्त वेळ घालवा. आठ सिलिंडरचं व्ही-एट, 283 घन इंचांचं, शेव्हरोलेच्या ठरलेल्या नारिंगी रंगाचं. त्याच्या मागच्या अंगाला सिलिंडरांना ठिणगी वाटून देणारा डिस्ट्रिब्युटर असतो. आपल्या मापात त्याचं डोकं मुगाच्या दाण्याएवढं. बऱ्याच संचांत प्लगच्या वायरी नसतातच. त्या आपण घालायच्या. खरी वायर 7 मिलिमीटर जाड, म्हणजे आपली पाव मिलिमीटरहून जराशी जास्त. बोटांत फिरवायच्या बारीक ड्रिलने त्या मुगावर नऊ भोकं पाडायची: आठ कडेने, एक मधोमध, कॉइलच्या वायरीसाठी. श्वास सोडताना ड्रिल फिरवा, घेताना थांबा. यात गूढ काही नाही, श्वास सोडताना हात कमी हलतो इतकंच.

मग क्रम. या इंजिनात ठिणगी 1-8-4-3-6-5-7-2 अशी पडते. चालकाच्या बाजूला विषम आकडे, दुसरीकडे सम. पहिली वायर पहिल्या सिलिंडरला, तिच्या शेजारची पलीकडे आठव्याला, पुढची चौथ्याला. चिमट्याने एकेक वायर नेताना आकडा मनात म्हणा. क्रम चुकला तरी ही गाडी बंद पडणार नाही. ती मुळात सुरूच होणार नाहीये. तपासायला कोणी येणार नाही, आणि बॉनेट लावलं की दिसणारही नाही. तरी आठवी वायर आठव्यालाच जावी असं वाटतं. का वाटतं, याचं उत्तर शोधत बसू नका. वाटू द्या आणि पुढची वायर उचला.

रंगाबद्दल थोडक्यात. प्रायमर, मग पातळ थर, दोन थरांच्या मध्ये पुरेसा वेळ. फट राहिली असेल तर ती प्रायमरनंतर उघडी पडते. लांबी भरा, घासा, पुन्हा प्रायमर. वाळलंय का बघायला बोट लावायचा मोह प्रत्येकाला होतो. गाडी दुसऱ्या खोलीत ठेवा, हा एकच उपाय. काचा शेवटी, आणि त्यांना सुपरग्लू लावू नका, त्याच्या वाफेने काच धुरकट होते. चाकांच्या रिमवर रंगाचा थर नीट बसू द्या, म्हणजे टायर आणि प्लास्टिक यांच्यात काहीतरी आडोसा राहील. कायमचा नाही, पण राहील.

गाडी फळीवर आली की घरी येणारं कोणीतरी विचारेल, हात लावू का? मुलं तर विचारणारही नाहीत. बॉनेट काढून वायरी दाखवा, आकडे सांगा, कंटाळा येईपर्यंत सांगा. मग गाडी त्यांच्या हातात द्या. बाजूचा आरसा तुटला तर तुटला, चिकटवायची बाटली घरात आहेच.