अल-कुरैनच्या घरातून

पांडुरंगा, भिंती कमी आणि भोकंच जास्त उरली आहेत अशा एका घरातून तुला हाक मारते आहे. कुवेत शहराच्या दक्षिणेला, अल-कुरैनच्या साध्या वस्तीत, चारचौघांच्या घरांसारखंच हे एक घर होतं. आता ते शहिदांचं संग्रहालय आहे. जसं पडलं तसंच राखलंय. गोळ्यांनी चाळण झालेला गिलावा, लोंबणाऱ्या सळया, बाहेर इराकी रणगाडा. शेजारी लोक सुखाने राहतात, हे मला बरं वाटतं.

२४ फेब्रुवारी १९९१. कुवेतवरच्या इराकी कब्ज्याविरुद्ध लढणाऱ्या मसीला गटाची १९ माणसं इथे होती. त्यांत शिया होते, सुन्नीही होते. सैनिकांनी वेढा दिला, रणगाडे आणले, झुंज दहाएक तास चालली. १२ जण गेले. काही लढताना, आणि बाकीचे पकडले गेल्यावर, हाल सोसून. दोनच दिवसांनी कुवेत मुक्त झालं.

दोन दिवस, देवा! याचा जाब तुला विचारत नाही. तुझं उत्तर मला पटेल असं वाटत नाही. त्यांच्या आयांनी त्यांच्या भाषेत तुझ्याकडे जे मागितलं असेल, तेच माझंही मागणं समज.

आमच्याकडे या युद्धाची आठवण म्हणजे विमानं. इराकने २ ऑगस्ट १९९० ला कुवेत गिळलं आणि लाखाहून जास्त भारतीय अडकले. बसने बसरा, बगदाद करत माणसं अम्मानला पोचली आणि तिथून एअर इंडियाने जवळजवळ ५०० फेऱ्यांत १,७०,००० च्या वर लोक मायदेशी आणले. त्यासाठी तुझे उपकार मानते. कोकणात, मुंबईत किती घरांनी तेव्हा देव पाण्यात घातले होते ते तुला ठाऊक आहे. पाण्यात तूच होतास.

पण त्यासाठीच आपले तेव्हाचे परराष्ट्रमंत्री इंद्रकुमार गुजराल बगदादला गेले आणि इराकच्या सद्दाम हुसेनने त्यांना मिठी मारली. तो फोटो जगभर गेला. आपली माणसं सोडवायची तर त्याच्याच दारात जावं लागणार, हे मला कळतं. त्या जागी मी असते तर मीही मान तुकवली असती. तरी या भिंतीपुढे तो फोटो आठवला की आत काहीतरी टोचतं. ज्याने आमच्या माणसांना वाट दिली, त्याच्याच फौजेने या घराच्या चिंधड्या केल्या. देवा, यातली एक गोष्ट दुसरीखाली झाकून टाकण्याची सोय मला देऊ नकोस.

जे परत आलेच नाहीत, त्यांच्यासाठी मागते. कुवेतमधून नेलेली ६०० हून अधिक माणसं बेपत्ता झाली. २००३ नंतर इराकच्या वाळूत सामूहिक कबरी सापडत गेल्या आणि डीएनए तपासून एकेकाची ओळख पटू लागली. ज्या घरांना अजून हाडंही मिळाली नाहीत, त्यांचा शोध पुरा कर.

आणि पॅलेस्टिनींना विसरू नकोस. युद्धाआधी इथे ते सुमारे ४ लाख होते. इथल्या शाळांत शिकवणारे, कचेऱ्या चालवणारे. त्यांचे नेते यासर अराफात सद्दामच्या बाजूला झुकले, आणि त्याची किंमत या लोकांनी मोजली. बहुतेकांचं इथलं बिऱ्हाड कायमचं उठलं. ज्या कुवेतींनी स्वतः जुलूम भोगला, त्यांच्याही हातून हे घडलं. हे शहिदांच्या घरात उभं राहून बोलणं कुणाला रुचणार नाही, पण तुझ्यापुढे तरी पाहुणीने तोंड का आवरावं?

रणगाड्यात बसलेल्या इराकी पोरांचंही तूच बघ. सक्तीने भरती झालेला कोण आणि हौसेने आलेला कोण, ते मला निवडता येत नाही.

एक शेवटचं मागणं. रत्नागिरीहून, नागपुरातून इथे पोटासाठी येणाऱ्या माझ्या माणसांना कधीतरी या घराकडे वळव. मॉल आणि समुद्र पाहून झाले की तासभर त्यांना इथे आण. विमानांची गोष्ट ते घरून ऐकून आलेले असतात. जे मागे राहिले, त्यांचीही त्यांना ऐकू दे.