निघण्यापूर्वीचा उन्हाळा

अमेरिकेतल्या युटा राज्यात मे महिन्याच्या अखेरीस शाळा सुटते. तोवर मॉर्मन पंथाच्या कित्येक घरांतल्या अठरा वर्षांच्या पोराला धर्मप्रचारासाठी कुठं जायचं ते चर्चनं कळवलेलं असतं. देश त्यानं निवडायचा नसतो. ब्राझील म्हटलं तर ब्राझील, तैवान म्हटलं तर तैवान. मुलग्यांनी २४ महिने जायचं, मुलींनी १८. २०१२पर्यंत मुलग्यांना एकोणीस वर्षं पुरी व्हावी लागत. त्या साली अट अठरावर आली आणि शाळा सुटणं नि घर सुटणं एकाच उन्हाळ्यात होऊ लागलं. युटा आणि आयडाहोच्या सीमेवर बेअर लेक नावाचं मोठं तळं आहे. चुनखडीचे बारीक कण पाण्यात तरंगत असल्यामुळे ते मोरपंखी दिसतं, आणि काठच्या गार्डन सिटीत ताज्या रास्पबेरीचे घट्ट शेक मिळतात. प्रचारकाला सेवाकाळात पोहायची मनाई असते, म्हणजे त्या पाण्यातली जुलैमधली बुडी पुढच्या दोन वर्षांसाठी अखेरची. तर प्रश्न असा, की ज्यानं स्वतःला देवकार्याला वाहून घेतलंय त्यानं निघेपर्यंत मनसोक्त डुंबावं, की आतापासूनच हात आखडता घ्यावा?

पूर्वपक्ष कडक आहे. तो म्हणेल, ‘वाहिलेल्या फुलाचा वास घ्यायचा नसतो. लूकच्या शुभवर्तमानात एक जण येशूला म्हणतो, आधी घरच्यांचा निरोप घेऊन येतो. त्यावर मिळालेलं नांगराच्या दाखल्याचं उत्तर तुम्हाला ठाऊक आहे. नांगराला हात घालून मागे वळून पाहणाऱ्याला देवाच्या राज्यात जागा नाही.’ ठाऊक आहे. पण त्याच बायबलात, राजांच्या पहिल्या पुस्तकात, अलीशा आहे. संदेष्टा एलीया त्याला बोलावतो तेव्हा तो शेत नांगरत असतो. आईबापांचा निरोप घेऊन येतो म्हणतो, मग बैल कापतो, नांगराच्या लाकडांवर मांस शिजवतो, लोकांना जेवू घालतो आणि मगच निघतो. परतीचं साधनच त्यानं जाळलं हे खरं, पण जेवण घालून जाळलं. अर्थात वचनाला वचन भिडवून निकाल लागत नाही. दोन्ही बाजूंना पुस्तक एकच आहे. निकाल लावायचा तर हा मुलगा तिकडे जाऊन करणार काय, ते पाहिलं पाहिजे. तो लोकांची दारं ठोठावणार आणि आजवर मानत आलात ते सोडा म्हणणार. धर्म सोडणं म्हणजे नुसतं मत बदलणं नव्हे. सण, जेवणाची पंगत, आजीचा देव्हारा, सोयरीक, सगळंच हलतं. याचा दाखला आपल्याकडे आहे. नारायण वामन टिळकांनी १८९५ साली मुंबईत बाप्तिस्मा घेतला. त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंना लहान मुलाला घेऊन काही वर्षं नवऱ्यावेगळं राहावं लागलं, आणि त्या स्वतः ख्रिस्ती झाल्या १९००मध्ये. त्यांचं ‘स्मृतिचित्रे’ वाचलेल्याला त्या वर्षांची किंमत सांगायला नको. घर सोडण्याचा मान प्रचारकाला मिळतो. घर मोडण्याचा भुर्दंड बहुधा ऐकणाऱ्यावर पडतो. म्हणून माझं म्हणणं, की मुलानं हा उन्हाळा पुरेपूर भोगावा. लाड म्हणून नव्हे, तर आपण दुसऱ्याकडे काय मागणार आहोत ते कळावं म्हणून. ज्याला स्वतःचं घर आधीच फिकं वाटायला लागलंय, तो दुसऱ्याचं घर स्वस्तात मागेल.

‘पण यात एवढं भोगण्यासारखं काय?’ दुसरा आक्षेपक हसून विचारेल. ‘शेवटचा उन्हाळा म्हणे! दोन वर्षांत परत येणार, आणि २०१९पासून तर दर आठवड्याला घरी व्हिडिओ कॉल करता येतो. खरा शेवटचा निरोप १८१२च्या मिशनऱ्यांचा.’ हा आक्षेप मला अर्धा मान्य आहे. त्या साली अमेरिकेतून हिंदुस्थानकडे निघालेल्या जहाजांपैकी एकावर गॉर्डन हॉल होता. तो १८१३मध्ये मुंबईला पोचला, मराठीत प्रचार करू लागला आणि १८२६मध्ये नाशिकच्या बाजूला फिरतीवर असताना पटकीनं गेला. मायदेशी परतलाच नाही. त्याच जथ्यातली हॅरिएट न्यूएल तर निघाल्या वर्षीच मॉरिशसला वारली, वय एकोणीस. त्यांच्या शेजारी बसून आजच्या पोरानं ‘शेवटचा’ हा शब्द तोलून वापरावा. (घरच्यांनीही. लेकाचा फोटो आणि देशाचं नाव केकवर काढून हुतात्म्यासारखी पाठवणी केली, तर त्याला परत यायचीसुद्धा चोरी होईल.) उरलेला अर्धा मात्र मान्य नाही. २० वर्षांचा होऊन येणारा तोच नसतो. धाकट्या बहिणीचा आवाज बदलतो, आजोबा कदाचित नसतात, भाऊ स्वतःच निघालेला असतो. व्हिडिओवर माणसं दिसतात. पंगतीत आपलं ताट नसतं.

आता सगळ्यात अवघड आक्षेप. ‘तुम्ही त्याला घराची गोडी लावताय. ऑगस्टपर्यंत त्याचं मनच फिरलं तर?’ फिरू शकतं. ज्या समाजात मुलग्यानं जाणं हे कर्तव्यच मानलं जातं, तिथं न जाणाऱ्याकडे वळणाऱ्या नजरा सोप्या नसतात, आणि म्हणूनच हा उन्हाळा मोकळा असायला हवा. २४ जुलैला युटात पायोनियर डे साजरा होतो, १८४७मध्ये तिथल्या खोऱ्यात येऊन पोचलेल्या मॉर्मन पूर्वजांच्या आठवणीसाठी. मिरवणुका निघतात, रात्री दारूकाम होतं. ती माणसंही घरंदारं मागे टाकून आली होती, पण त्यांच्या मागे जमाव लागला होता. या मुलाच्या मागे कोणी लागलेलं नाही, निदान लागू नये. जाणं त्याच्या खुशीचं असेल तरच पुढे परक्या दारात उभं राहून ‘तुमच्या खुशीनं या’ असं तो म्हणू शकेल. सक्तीनं पाठवलेल्याला ते वाक्य जड जाईल. तेव्हा तळ्याकाठी बसून कोणी पोरानं ‘मला नाही जायचं’ असं ठरवलं, तर चर्चनं तो तोटा सोसावा.