खयाल : दिसणे आणि मानणे

उर्दूत 'खयाल' हा शब्द आपण दोन टोकांना वापरतो. 'अपना खयाल रखना' म्हणताना त्यात जिव्हाळा असतो आणि 'खयाली पुलाव' म्हणताना पोकळपणा. सूफी विचारवंतांनी मात्र या शब्दाला एक अख्खे जग बहाल केले.

शहाबुद्दीन सुहरावर्दी यांना ११९१ मध्ये हलब (अलेप्पो) येथे मृत्युदंड मिळाला. इंद्रियांना कळणारे जग आणि निव्वळ बुद्धीला कळणारे जग यांच्यामध्ये आणखी एक जग आहे, असे त्यांनी मांडले. त्यासाठी दाखला दिला आरशाचा. आरशातले रूप काचेत नसते, हवेतही नसते. तरी ते खोटे म्हणता येत नाही. पुढे या जगाला 'आलमे-मिसाल' हे नाव रूढ झाले. इब्न अरबी (११६५-१२४०) यांनी त्याला 'बरजख', म्हणजे दोहोंमधला पडदा मानले. तिथे अर्थाला देह मिळतो आणि देहाला अर्थ. सूरह मरियममध्ये फरिश्ता हजरत मरियमपुढे मानवी रूपात येतो. तिथले क्रियापद आणि 'मिसाल' हा शब्द एकाच धातूचे आहेत. हाच प्रसंग लूकच्या शुभवर्तमानातही आहे. दोन्ही धर्मांची वाट इथे एकमेकींना भेटते.

ख्रिस्ती संतांनीही हे जग ओळखले होते. संत ऑगस्टीन यांनी पाहण्याचे तीन प्रकार सांगितले : डोळ्यांनी, अंतरातल्या प्रतिमेने आणि शुद्ध बुद्धीने. स्पेनच्या संत तेरेसा यांनी १५७७ मध्ये आत्म्याचे वर्णन सात दालनांच्या स्फटिकमहालासारखे केले.

पण आमच्या मते खरा प्रश्न पुढेच आहे. दिसले, म्हणून ते मानायचे का? 'मला बशारत झाली' असे सांगून कुणी आपल्याकडून आज्ञापालन मागू लागला, तर त्याला कोणत्या कसोटीवर घासायचे?

'फुसूसुल हिकम' या ग्रंथात इब्न अरबी एक धाडसी गोष्ट सांगतात. हजरत इब्राहिम यांनी पुत्राच्या कुर्बानीचे स्वप्न पाहिले. इब्न अरबींच्या मते स्वप्नातला पुत्र हे मेंढ्याचे रूप होते. स्वप्नाचा अर्थ लावायला हवा होता, ते शब्दशः घेतले गेले. अनेकांना हे पटले नाही, आजही पटत नाही. आम्हीही तो वाद इथे मिटवणार नाही. पण पैगंबरांच्या स्वप्नालाही ताबीर लागते असे कुणी म्हणत असेल, तर तुमच्या-आमच्या स्वप्नाची काय कथा!

तेरेसांचे सहकारी संत योहान (क्रॉसचे) तर म्हणत, दर्शन ईश्वराकडून आले असले तरी त्याला चिकटून राहू नका. स्वतः तेरेसांची कसोटी साधी होती : दर्शनानंतर माणूस नम्र झाला का, त्याचे प्रेम वाढले का? अहंकार वाढला असेल, तर सावध व्हावे.

म्हणून आम्हाला वाटते, खयालाचे जग नाकारण्याची गरज नाही. दुसऱ्याचे दुःख आपल्याला कळते तेही खयालामुळेच. त्याच्या जागी स्वतःला ठेवून पाहिल्याशिवाय दया उपजत नाही. मात्र त्या जगात दिसलेल्याचा निवाडा याच जगात, शेजाऱ्याशी आपण कसे वागतो यावरून व्हावा. जे दर्शन दुसऱ्याच्या गळ्यावर सुरी ठेवायला सांगते, त्याची ताबीर आधी शोधावी. सुरी खालीच राहू द्यावी.