काटकपणाची शिक्षा

बीदरच्या नंदीनगर भागात कर्नाटक पशुवैद्यकीय, पशु व मत्स्यविज्ञान विद्यापीठाचे मुख्यालय आहे. भालकी, औराद, बसवकल्याणकडचा मराठी शेतकरी पशुवैद्यकाचा विचार करतो तो देवणी बैलासाठी, दुभत्या म्हशीसाठी, फार तर शेळ्या-मेंढ्यांसाठी. पण याच विद्यापीठाचे एक केंद्र कलबुर्गी आणि विजयपूर ओलांडून पलीकडे, बागलकोट जिल्ह्यातल्या मुधोळ तालुक्यात तिम्मापूर येथे आहे. तिथे मुधोळ हाउंड कुत्र्यांची पैदास आणि अभ्यास चालतो. 2016 मध्ये तिथली पिले मेरठला, लष्कराच्या रिमाउंट व्हेटरिनरी कोअरच्या केंद्रात पोचली आणि देशी जातीच्या कुत्र्याला लष्करी प्रशिक्षणाचे दार उघडले. लष्करी श्वानांच्या देखभालीचा प्रश्न बीदरच्या दारात येतो तो असा.

मुधोळ हे घोरपडे घराण्याचे संस्थान. आपल्याकडे ज्याला कारवानी कुत्रा म्हणतात, तो लांब पायांचा, खोल छातीचा, आवळ पोटाचा शिकारी कुत्रा मालोजीराव घोरपड्यांनी जोपासला आणि त्याची जोडी इंग्लंडच्या राजापर्यंत पोचवली. 2005 मध्ये टपाल खात्याने त्याच्यावर तिकीट काढले. ऑगस्ट 2020 मध्ये पंतप्रधानांनी ‘मन की बात’मध्ये देशी जातींचा गौरव केला, तेव्हा मुधोळचे नाव त्यात होते. पुढे सीमा सुरक्षा दलाच्या ‘रिया’ या मुधोळ कुत्रीने अखिल भारतीय पोलीस ड्यूटी मीटमध्ये परदेशी जातींच्या श्वानांना मागे टाकून पहिला क्रमांक मिळवला. या सगळ्याचा मला मनापासून आनंद आहे.

काळजी वाटते ती या गौरवाच्या भाषेची. देशी कुत्रा काटक असतो, कमी खातो, आजारी पडत नाही, ऊन त्याला बाधत नाही, त्याच्यावर खर्च कमी येतो, असे कौतुकाने सांगितले जाते. या कौतुकात एक सवलत दडलेली असते आणि ती सवलत कुत्र्याला मिळत नाही, मालकाला मिळते. जो काटक आहे त्याच्याकडे कमी पाहिले तरी चालते, असा तिचा अर्थ होतो. या सीमाभागातल्या कोरडवाहू शेतीने बैलाच्या बाबतीत हा अर्थ पुरता अनुभवला आहे. दुष्काळात सर्वांत शेवटी वैरण मिळायची ती सर्वांत सोशिक जनावराला.

प्रत्यक्षात मुधोळ हाउंडला काळजी कमी लागत नाही, वेगळी लागते. हा नजरेने सावज हेरून वाऱ्याच्या वेगाने धावणाऱ्या कुत्र्यांच्या कुळातला. अंगावर चरबी अगदी थोडी, कातडी पातळ, केस आखूड. ग्रेहाउंडसारख्या या कुळातल्या कुत्र्यांना थायोपेन्टलसारखी भुलीची काही औषधे इतर कुत्र्यांच्या हिशेबाने दिली, तर ती शरीरातून लवकर उतरत नाहीत आणि जिवावर बेतू शकते. काश्मीरच्या थंडीत लॅब्रेडॉरची दाट लव जे काम करते, ते मुधोळसाठी जाड पांघरुणाने आणि कोरड्या, उबदार केनेलने करावे लागते. वासावर काम करण्याचे शिक्षणही त्याला वेगळ्या धीराने द्यावे लागते, कारण पिढ्यान्‌पिढ्या त्याच्याकडून नजरेचे काम करून घेतलेले आहे. सुरुवातीच्या काळात या जातीच्या लष्करी उपयुक्ततेविषयी ज्या शंका निघाल्या, त्यांतल्या निदान काही कुत्र्याविषयी नसून आपल्या शिकवण्याविषयी होत्या, असे मला वाटते. रियाचे यश हे त्यावरचे उत्तर मानता येईल.

उन्हाचेही तसेच. कलबुर्गीत एप्रिल-मे महिन्यांत पारा बेचाळीसच्या पुढे जातो. कुत्र्याला माणसासारखा अंगभर घाम येत नाही. तो धापा टाकून शरीर थंड करतो आणि हवाच तापलेली असेल तर तो उपायही तोकडा पडतो. निरोगी कुत्र्याचे तापमान साधारण साडेअडतीस अंश सेल्सियस असते. ते एकेचाळीसच्या वर गेले की मेंदू, मूत्रपिंड, आतडी यांना इजा होऊ लागते. बंदोबस्तावरच्या पोलीस श्वानाला दुपारी डांबरी रस्त्यावरून चालवले, तर आधी त्याचे तळवे भाजतात. काम शिकलेला कुत्रा थांबत नाही, हा त्याचा सर्वांत मोठा धोका आहे. हँडलरने थांब म्हटल्याशिवाय तो थांबणारच नाही, म्हणून कधी थांबायचे हे हँडलरला ठाऊक हवे आणि ते सांगण्याचा अधिकार त्याला वरिष्ठांनी दिलेला हवा. श्वान आता काम करणार नाही, असे शिपायाने साहेबांना सांगितले तर ते ऐकले गेले पाहिजे.

मग गोचीड. इथल्या उष्ण हवेत ती बारा महिने असते. तिच्यातून एर्लिकियोसिस, बबेसियोसिस असे आजार येतात. ताप येतो, जेवण सुटते, नाकातून रक्त येते, रक्तातल्या प्लेटलेट्स घटतात. व्हिएतनाम युद्धात अमेरिकेच्या लष्करी श्वानांवर एर्लिकियोसिसने जबर आघात केला. परदेशातून आलेल्या, या भूमीची सवय नसलेल्या जर्मन शेफर्डना तो फार जड गेला. देशी कुत्रा हा आजार बऱ्याचदा अंगावर काढतो, महिनोन्‌महिने वरून धडधाकट दिसतो आणि आतून पोखरला जातो. काटकपणाची शिक्षा म्हणतो ती हीच. जे जनावर तक्रार करत नाही, त्याची रक्ततपासणी ठरल्या दिवशी करावीच लागते.

लष्कराला हे शास्त्र माहीत नाही असे मुळीच नाही. रिमाउंट व्हेटरिनरी कोअरचा इतिहास 1779 पासूनचा आहे. ऑक्टोबर 2022 मध्ये अनंतनागच्या चकमकीत दोन गोळ्या लागूनही लढत राहिलेल्या ‘झूम’ या लष्करी श्वानाला श्रीनगरच्या लष्करी पशुवैद्यकीय रुग्णालयात वाचवण्याची शर्थ झाली. तो 13 ऑक्टोबरला गेला. त्याच वर्षी बारामुल्लात मारल्या गेलेल्या ‘ॲक्सेल’ला मरणोत्तर ‘मेन्शन इन डिस्पॅचेस’चा मान मिळाला. सेवेतल्या श्वानासाठी आपण पुष्कळ करतो. कसोटी लागते ती सेवा संपल्यावर.

2015 मध्ये माहिती अधिकाराखाली मिळालेल्या उत्तरातून देशाला कळले की, सेवेला अपात्र ठरलेल्या लष्करी श्वानांना दयामरण दिले जात होते. ही रीत ब्रिटिश अमदानीपासून चालत आलेली. प्रकरण दिल्ली उच्च न्यायालयात गेले आणि सरकारने नवे धोरण आखण्याची हमी दिली. निवृत्त श्वानांना दत्तक देण्याचा विचार त्यानंतर मूळ धरू लागला. अमेरिकेनेही व्हिएतनाममध्ये वापरलेल्या हजारो श्वानांपैकी जेमतेम दोनशे परत नेले. बाकीचे ‘जादा साहित्य’ म्हणून मागे राहिले किंवा मारले गेले. तिथे निवृत्त श्वान दत्तक देण्याचा कायदा झाला तो 2000 मध्ये.

दयामरणाच्या बाजूने जी कारणे दिली जात, त्यांचा मी प्रामाणिकपणे विचार केला आहे. हल्ल्यासाठी शिकवलेला श्वान घरात धोकादायक ठरेल, हे एक. ते काही श्वानांबाबत खरे आहे आणि अशांची सोय दलाच्याच आवारात केली पाहिजे. पण बॉम्ब किंवा अमली पदार्थ हुंगणारा लॅब्रेडॉर हल्ला करायला शिकलेलाच नसतो. दुसरे कारण खर्चाचे. साधारण आठ-नऊ वर्षांचा होऊन निवृत्त होणारा श्वान पुढे तीन-चार वर्षे जगतो. त्याचे सांधे दुखतात, दात पडतात, डोळ्यांवर पडदा येतो. हा खर्च त्याच्या नोकरीचाच उरलेला भाग आहे. भरतीची संमती त्याने दिलेली नव्हती, राजीनामा देण्याची सोयही त्याला नव्हती. प्राण्यांना क्रूरतेने वागवण्यास प्रतिबंध करणाऱ्या 1960 च्या कायद्याचे तिसरे कलम सांगते की, प्राणी ज्याच्या ताब्यात आहे, त्याच्यावर त्याच्या कल्याणाची जबाबदारी आहे. सरकार हा त्या अर्थाने मालकच.

ऑगस्ट 2020 मध्ये आपल्या मराठवाड्यात, बीडला, पोलीस श्वान ‘रॉकी’ला सन्मानाने अखेरचा निरोप दिला गेला. तीनशेहून अधिक गुन्ह्यांच्या तपासात त्याने मदत केली होती. मुंबईत 1993 च्या स्फोटांनंतर हजारो किलो स्फोटके शोधणाऱ्या ‘झंजीर’चा हाडांच्या कर्करोगाने 2000 मध्ये मृत्यू झाला, तेव्हाही त्याला पोलिसी इतमामात निरोप मिळाला. हे निरोप खरे होते, हँडलरांचे अश्रू खरे होते. तरीही मला वाटते की पुष्पचक्राची तरतूद करणे सोपे असते. म्हाताऱ्या श्वानाला रोज सकाळी सांधेदुखीची गोळी कोण देणार, याची तरतूद अवघड असते, कारण तिथे कॅमेरा नसतो.

यात बीदरला करता येण्यासारखे बरेच आहे. तिम्मापूरहून सुरक्षा दलांकडे जाणाऱ्या प्रत्येक पिलाची आयुष्यभराची आरोग्यनोंद विद्यापीठाकडे परत यावी, अशी अट पिलू देतानाच घालता येईल. कोणत्या हवेत त्याला काय झाले, भूल कशी मानवली, किती वर्षे काम केले, कशाने मेला, हे सारे त्यात असावे. सीमेपलीकडे जेमतेम दीड-दोन तासांवर उदगीरला महाराष्ट्राचे पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे. दोन्ही राज्यांच्या या संस्थांनी मिळून बीदर, कलबुर्गी, लातूर, नांदेडच्या पोलीस श्वानपथकांची वर्षातून दोनदा तपासणी केली, तर सीमावाद त्यात कुठेच आडवा येत नाही. आणि निवृत्त श्वानावर पहिला हक्क त्याच्या हँडलरचा असावा, त्याला औषधोपचाराचा खर्च सरकारने द्यावा. शिपायाच्या पगारावर तो भार टाकून त्याच्या प्रेमाचे गोडवे गाणे अन्यायाचे आहे.

हँडलरला शक्य नसेल तर आपल्यासारख्यांनी पुढे यावे. ज्यांच्याकडे शेत आहे, अंगण आहे, म्हाताऱ्या जनावराजवळ बसायला वेळ आहे, त्यांनी आपल्या जिल्ह्याच्या पोलीस श्वानपथकाकडे जाऊन निवृत्त होणाऱ्या श्वानांची चौकशी करावी. मुधोळचे पिलू हौसेने विकत घेण्याआधी ही चौकशी करा, एवढी विनंती आहे.